मिरजेत इंजिन फिरते तेव्हा : कोल्हापूरच्या एका गाडीच्या डब्यांतील वीजपुरवठ्याचे प्रकरण

कोल्हापूरच्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला सुमारे ४८ किलोमीटरवर मिरजेत एक अडचण येते. कोल्हापूरकडून येणारा आणि सांगलीमार्गे पुण्याकडे जाणारा हे दोन्ही लोहमार्ग मिरज स्थानकाला पश्चिमेच्याच बाजूने मिळतात. त्यामुळे गाडी ज्या तोंडाने आत आली त्याच्या उलट तोंडाने तिला बाहेर पडावे लागते. इंजिन एका टोकाला सुटते आणि दुसऱ्या टोकाला लागते. प्रवाशाच्या दृष्टीने हा चहा घेण्याचा थांबा असला, तरी डब्यांची वीज इंजिनातून येत असेल तर इंजिन सुटण्याचा अर्थ गाडीचे वीजघरच सुटणे असा होतो.

हे प्रकरण मे महिन्यातील एका रात्रीचे आहे. गाडीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण या मार्गावरील एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या, डब्यांच्या कोणत्याही गाडीत असे घडू शकते. नऊ वातानुकूलित डबे, नऊ साधे डबे आणि दोन्ही टोकांना जनरेटरची सोय असलेला एकेक डबा, अशी तिची रचना होती. मी कोल्हापुरात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो आणि त्या रात्री त्याच गाडीने निघालो होतो. मिरजेत दुसऱ्या टोकाला इंजिन लागल्यावर निम्म्या डब्यांत वीज आली आणि निम्म्यांत आली नाही. त्यानंतर जे घडले ते समजण्यासाठी डब्यांना वीज पुरवण्याच्या पद्धती आधी पाहाव्या लागतात.

आपल्याकडे अनेक दशके चाललेली पद्धत म्हणजे डब्याने स्वतःची वीज स्वतः तयार करायची. जुन्या बनावटीच्या निळ्या आयसीएफ डब्याच्या खाली चाकाच्या आसावर एक पुली असते, तिच्यावरून पट्टे जातात आणि ते अल्टरनेटर फिरवतात. साध्या डब्याला ४.५ किलोवॉटचा, तर वातानुकूलित डब्याला २५ किलोवॉटचे अल्टरनेटर असतात. गाडी चालू असताना ११० व्होल्ट डीसी वीज तयार होते, तिच्यावर डबा चालतो आणि बॅटरीही भरते. गाडी थांबली की बॅटरी भार उचलते. वातानुकूलित डब्याखालच्या बॅटरीची क्षमता ११०० अँपिअर-तास असते, म्हणजे ११० व्होल्टला कागदावर १२१ युनिट. त्यातील निम्मी वापरली आणि डब्याचा भार ३० किलोवॉट धरला, तरी दोन तास निघतात. कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांना मिरजेचा थांबा का जाणवत नसे, याचे उत्तर या बॅटरीत आहे. इंजिन असो वा नसो, प्रत्येक डबा स्वतःपुरता स्वयंपूर्ण होता. त्याची किंमत मात्र मोठी होती. जड बॅटऱ्या, झिजणारे आणि वाटेत तुटून पडणारे पट्टे, प्रत्येक डब्याखाली वेगळी देखभाल, आणि आसावरून काढलेली ही सगळी वीज शेवटी इंजिनाच्याच ओढीतून येत असल्याने त्या ओढीवर पडणारा जादा भार, हे सारे त्यात आले.

दुसरी पद्धत पॉवर कारची. गाडीच्या टोकाच्या डब्यात डिझेल जनरेटर बसवायचे आणि तेथून केबलने सगळ्या डब्यांना वीज द्यायची. रेल्वेचे लोक हिला ईओजी (एंड ऑन जनरेशन) म्हणतात. एलएचबी गाड्यांच्या पॉवर कारमध्ये ५०० केव्हीएचे (केव्हीए हे विजेच्या यंत्राच्या क्षमतेचे माप) दोन संच असतात आणि वीज ७५० व्होल्ट, थ्री-फेज, ५० हर्ट्झची असते. एक फीडर ‘ए’ आणि एक फीडर ‘बी’ अशा दोन स्वतंत्र केबल संपूर्ण गाडीभर धावतात. प्रत्येक वातानुकूलित डब्यात ६० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो, जो ७५० व्होल्टचे ४१५ व्होल्ट करतो. डबा कोणत्या फीडरवर चालवायचा हे डब्याच्या पॅनेलमधील एका फिरत्या स्विचने ठरते. भार वाटला जावा म्हणून निम्मे डबे ‘ए’वर आणि निम्मे ‘बी’वर ठेवतात.

हे ७५० व्होल्ट कुठून आले, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो विचारायलाच हवा. ५०० केव्हीए भार ४१५ व्होल्टवर न्यायचा तर प्रत्येक फेजमधून सुमारे ६९५ अँपिअर प्रवाह जाईल. ७५० व्होल्टवर तोच प्रवाह ३८५ अँपिअर होतो. केबलमधील उष्णतेचा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्याच केबलमध्ये ४१५ व्होल्टवर तो सव्वातीन पटीहून थोडा अधिक झाला असता. त्यात गाडीची केबल अखंड नसते. दर दोन डब्यांमध्ये ती कपलरने जोडलेली असते, आणि अठरा-वीस डब्यांच्या गाडीत असे जोड दर फीडरला तितकेच येतात. जोड जितका गरम होईल तितका तो लवकर बिघडेल, म्हणून प्रवाह कमी ठेवण्याला येथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

तिसरी पद्धत आज सर्वत्र रूढ होत चालली आहे आणि आपले प्रकरण तिच्याशी निगडित आहे. तिला एचओजी (हेड ऑन जनरेशन) म्हणतात, स्थानकावर बोलताना सरळ ‘हॉग’. विजेवरचे इंजिन छपरावरच्या पेंटोग्राफने वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट सिंगल-फेज वीज घेते. इंजिनाच्या मुख्य ट्रान्सफॉर्मरला मोटारींसाठी जशी वेटोळी असतात तसे डब्यांच्या वापरासाठी एक स्वतंत्र वेटोळेही ठेवलेले असते. त्यातून निघालेली सिंगल-फेज वीज ५०० केव्हीएच्या दोन कन्व्हर्टरमध्ये जाते, तेथे ती आधी डीसी होते आणि मग ७५० व्होल्ट, थ्री-फेज, ५० हर्ट्झ अशी पुन्हा घडवली जाते. म्हणजे पॉवर कार जे देत होती नेमके तेच इंजिन देते, आणि डब्यांच्या आत काहीही बदलावे लागत नाही. एक कन्व्हर्टर फीडर ‘ए’ला, दुसरा ‘बी’ला. डब्ल्यूएपी-७ या इंजिनाची ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या घरात असल्याने डब्यांचा भार त्याला जड जात नाही. डिझेल इंजिनाचे गणित वेगळे होते. त्याच्या एकाच मशीनमधून ओढही काढायची आणि डब्यांची वीजही काढायची, तर एकाचा वाटा दुसऱ्याला द्यावा लागे. म्हणून पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाचे विद्युतीकरण होईपर्यंत या मार्गावर एलएचबी गाडी म्हटली की पॉवर कारचा गोंगाट ठरलेलाच होता. मार्गावर तार आली आणि कोल्हापूरच्या फलाटावर गाडी शांत उभी राहू लागली. फलाटावर तासन्‌तास काम करणाऱ्या हमालांना आणि चहावाल्यांना या शांततेचे मोल आमच्यापेक्षा जास्त कळते, असे मला मनापासून वाटते.

इंजिनाच्या विजेत एक ठरलेला खंड असतो, तोही येथे सांगायला हवा. वरची तार एकसंध नाही. वेगवेगळ्या सबस्टेशनांचे वेगवेगळ्या फेजवर असलेले भाग ती वाहते आणि त्यांच्या मधे न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वीज नसलेला तुकडा, असतो. तेथे लोको पायलट मुख्य ब्रेकर उघडून तारेची वीज तोडतो, गाडी वेगावर पुढे सरकते आणि पलीकडे गेल्यावर ब्रेकर पुन्हा जोडला जातो. त्या वेळात कन्व्हर्टर बंद पडून पुन्हा चालू होतात. प्रवाशाला दिसते ते इतकेच की वातानुकूलनाचा आवाज थांबला, मोठे दिवे गेले आणि आणीबाणीचे दिवे लागले. थोड्याच वेळात सारे पूर्ववत झाले. हा दोष नाही, ही त्या व्यवस्थेची चाल आहे. मिरजेचा खंड मात्र या प्रकारचा नव्हे.

त्या रात्रीचा क्रम असा होता. कोल्हापूर ते मिरज गाडी हॉगवर व्यवस्थित आली. मिरजेत लोको पायलटने डब्यांचा पुरवठा बंद केला, कारण ७५० व्होल्टचा कपलर चालू भारावर काढणे जिवावर बेतणारे आहे आणि नियमालाही धरून नाही. कर्मचाऱ्यांनी कपलर सोडवले, इंजिन निघाले आणि दुसऱ्या मार्गाने फिरून गाडीच्या पुण्याकडच्या टोकाला लागले. दरम्यान डिझेल संच चालू केलेला नव्हता. थांबा छोटा आहे, तेवढ्यासाठी कशाला, असा विचार त्यामागे असावा. एसी थ्री-टियरच्या एलएचबी डब्यात ७२ जागा असतात. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे माणसांचीच सात किलोवॉट उष्णता बंद काचांच्या आत साठत होती. माझ्या डब्यातल्या एक आजी कोच अटेंडंटला म्हणाल्या, “बाळा, गार नको, पण वारं तरी सुटू दे की.” त्याच्या हाती काही नव्हते.

इंजिनाचे कपलर बसवले गेले, पुरवठा मागितला गेला. ‘ए’ आला. ‘बी’ आला नाही.

फलाटावर उतरून मी इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधल्या जागेपाशी गेलो. मनगटाएवढ्या जाडीच्या काळ्या केबल, त्यांच्या टोकाला जड प्लग, प्लगवर कुलपासारखे बसणारे हँडल. टॉर्च धरून उभा असलेला तंत्रज्ञ दुसऱ्या प्लगचे हँडल दाबून पाहत होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, दिसाय बसलंय, पर बसल्यालं न्हाई. ह्यो पूर्ण बसल्याबिगार आत कॉन्टॅक्टर घेतच न्हाई.” त्याचे निदान अचूक होते. कपलरमध्ये मोठ्या पिनांबरोबर काही बारीक पिनाही असतात. त्यांच्यातून जाणाऱ्या तारांची साखळी पूर्ण झाली तरच इंजिनातला कॉन्टॅक्टर त्या फीडरला वीज सोडतो. प्लग दोन-चार मिलिमीटर बाहेर राहिला तर मोठ्या पिना एकमेकींना टेकलेल्या असू शकतात. पण अशा अर्धवट टेकलेल्या जोडातून शेकडो अँपिअर प्रवाह गेला तर तो जळेल. साखळी अपुरी असल्याचे पाहून यंत्रणेने वीज नाकारली, म्हणजे तिने आपले काम बरोबर केले. पिनांवर धूळ आणि काळपट थर होता, त्यामुळे प्लग शेवटपर्यंत सरकत नव्हता.

आता निर्णयाची वेळ होती. सिग्नल मिळाला होता. ‘ए’चा पुरवठाही पुन्हा बंद करायचा, प्लग काढून पुसायचा, पुन्हा बसवायचा आणि गाडी आणखी उशिरा सोडायची, हा एक मार्ग. दुसरा मार्ग ‘बी’वरचे सगळे डबे ‘ए’वर फिरवून एका फीडरवर निघण्याचा. दुसरा मार्ग निवडला गेला. एसीच्या कर्मचाऱ्यांनी डब्यांतून धावत जाऊन स्विच फिरवले, दिवे आले, गाडी निघाली. सांगली यायच्या आत ‘ए’ही अतिभाराने ट्रिप झाला आणि सारी गाडी आणीबाणीच्या दिव्यांवर आली.

या प्रकरणाचा गाभा या ट्रिपमध्ये आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. वातानुकूलित डब्याचा पूर्ण भार ४० किलोवॉट आणि साध्या डब्याचा पंखे, दिवे, चार्जिंग धरून ५ किलोवॉट, असा माझा अदमास आहे. नऊ-नऊ डब्यांचा मिळून तो ४०५ किलोवॉट होतो. ५०० केव्हीएच्या कन्व्हर्टरमधून ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएतील प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरला तर ४०० किलोवॉट मिळतात. कागदावर हे जवळपास पुरेसे वाटते, आणि एरवी ते पुरलेही असते, कारण चालत्या गाडीत सगळे कॉम्प्रेसर एकाच वेळी कधीच चालू नसतात. एका डब्यात हवे ते तापमान आलेले असते, दुसऱ्यात यायचे असते, आणि सरासरी भार पूर्ण भाराच्या निम्म्या-पाऊण पटीतच राहतो. मिरजेच्या थांब्याने नेमका हाच फरक पुसून टाकला होता. नऊच्या नऊ डबे सारखेच तापले होते, म्हणून नऊच्या नऊ डब्यांचे थर्मोस्टॅट एकाच वेळी थंडावा मागत होते. शिवाय बंद पडलेला कॉम्प्रेसर लगेच चालू होत नाही. वायूचा दाब उतरावा म्हणून त्याला काही वेळ थोपवून धरणारे टायमर असतात. सगळ्या डब्यांना वीज थोड्याफार फरकाने एकाच वेळी मिळाली, त्यामुळे टायमरही जवळजवळ एकाच वेळी संपले आणि मोटारींचे सुरू होण्याचे प्रवाह एकमेकांवर चढले. गावाचा गेलेला फीडर परत आला की सगळ्या घरांचे पंप एकदम सुरू होऊन तो पुन्हा पडतो, हे कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाडीत तेच झाले.

त्यानंतर पॉवर कारचे संच सुरू करण्यात आले आणि गाडी ईओजीवर पुण्यापर्यंत गेली. इंजिनाचा पुरवठा आणि जनरेटरचा पुरवठा एका फीडरवर एकत्र करता येत नाहीत. एक पूर्ण सुटला तरच दुसरा घेता येतो, तशी त्यांना परस्पर अडवणूक केलेली असते. म्हणून या बदलातही डब्यांना एक खंड सोसावा लागला. पुण्यात प्लग काढून पुसला, हँडल शेवटपर्यंत खाली बसले आणि दोन्ही फीडर इंजिनावर परत आले.

मिरज ते पुणे हे अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. सहा तास आणि सरासरी २५० किलोवॉट धरले तर १५०० युनिट वीज लागली. या आकाराचा डिझेल संच एका लिटरमध्ये साधारण साडेतीन युनिट देतो, म्हणजे सव्वाचारशे लिटरहून अधिक डिझेल जळाले. लिटरला ९० रुपये धरले तर ३८ हजारांच्या पुढे खर्च गेला. तेवढीच वीज तारेतून, युनिटला ७ रुपये धरून, साडेदहा हजारांत मिळाली असती. एक लिटर डिझेल जळताना सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एका प्लगच्या काही मिलिमीटर फटीपायी एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. हे आकडे माझ्या गृहीतकांवर उभे आहेत आणि गृहीतके बदलली तर तेही बदलतील, पण दोन खर्चांतले तिपटी-चौपटीचे अंतर फारसे बदलणार नाही. म्हणून हॉगच्या बाजूने माझे मत ठाम आहे. मिरजेतल्या गैरसोयीचे निमित्त करून पुन्हा कायम डिझेलवर जाणे मला मान्य नाही.

कर्मचाऱ्यांना दोष देण्याचेही कारण दिसत नाही. अंधारात, रुळांच्या मधे वाकून, सुटायच्या घाईत असलेल्या गाडीचा जड प्लग बसवणे सोपे नसते. दोष असेल तर तो या थांब्याकडे पाहण्याच्या रीतीत आहे. ज्या गाडीचे इंजिन थेट मुक्कामापर्यंत जाते, तिच्यासाठी हॉगची कार्यपद्धती पुरेशी आहे. ज्या गाडीचे इंजिन वाटेत फिरते, तिच्यासाठी मिरज हा वीजपुरवठ्याचा एक स्वतंत्र टप्पा मानून त्याची आखणी व्हायला हवी.

ती आखणी माझ्या मते अशी असावी. जयसिंगपूर सुटल्यावरच पॉवर कारचा संच गरम करून तयार ठेवावा. मिरजेत इंजिनाचा पुरवठा बंद होताच भार त्या संचावर घ्यावा, म्हणजे डब्यांतला खंड संपूर्ण थांब्याचा न राहता मिनिटा-दोन मिनिटांचा होईल. इंजिन पलीकडे लागल्यावर कपलर बसवण्यापूर्वी पिना कोरड्या कापडाने पुसणे हे ठरलेले काम असावे. दोन्ही फीडर आले की नाही ते डब्यांचा भार डिझेलवरच असताना, रिकाम्या जोडावर, आधी तपासता येईल का, हे प्रत्येक गाडीतील परस्पर अडवणुकीच्या रचनेवर ठरेल. जेथे शक्य आहे तेथे ते करावे. ‘बी’ आला नाही तर गाडी डिझेलवरच निघेल आणि डबे तापणार नाहीत. अर्ध्या तासाचे डिझेल तीस-चाळीस लिटरच्या आत राहते. त्या रात्री जळलेल्या सव्वाचारशे लिटरपुढे हा खर्च किरकोळ आहे.

एका फीडरवर निघण्याची वेळ आलीच तर सगळे डबे एकदम फिरवू नयेत. प्रत्येक वातानुकूलित डब्यात छपरावर दोन वातानुकूलन यंत्रे असतात. आधी सर्व डब्यांत फक्त पंखा-ब्लोअर, मग एकेका डब्यातले एकच यंत्र, दोन डब्यांच्या मधे पुरेसे अंतर राखून, असा क्रम ठेवला तर ४०० किलोवॉटमध्ये गाडी आरामात बसते. आजींनी मागितलेले वारे पहिल्याच पायरीवर मिळते, आणि बंद काचांच्या डब्यात गारव्याच्या आधी ताज्या हवेचीच गरज असते.

याच मार्गावर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली कोल्हापूर-पुणे वंदे भारतही मिरजेत तोंड फिरवते, पण तिच्यात हा प्रश्न उद्भवत नाही. तिला वेगळे इंजिनच नाही. पेंटोग्राफ, ट्रान्सफॉर्मर आणि डब्यांसाठीचे कन्व्हर्टर गाडीच्या अंगातच बसवलेले आहेत. लोको पायलट एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि एकही कपलर सोडावा लागत नाही. मात्र रात्रीच्या झोपण्याच्या गाड्या अजून बरीच वर्षे इंजिनानेच ओढल्या जाणार आहेत. सांगलीकडचा मार्ग मिरजेला वळसा देऊन थेट कोल्हापूरच्या मार्गाला मिळाला तर इंजिन फिरवावेच लागणार नाही. पण तसे झाल्यास त्या गाड्या मिरजकरांच्या हातून जातील, आणि दवाखान्यांसाठी मिरजेला येणाऱ्या दूरदूरच्या रुग्णांचा विचार करता तो बदल केवळ विजेच्या सोयीसाठी सुचवणे मला योग्य वाटत नाही. मिरजेचा फलाट, एक टॉर्च, एक कोरडे कापड आणि दहा मिनिटे आधी सुरू केलेला संच, एवढ्यावर हे प्रकरण सुटण्यासारखे आहे.